पूर्वेकडे पाय

शेजारी रंगकाम चाललंय. ओल्या डिस्टेंपरचा वास आला की आई आठवते. दिल्लीतल्या द्वारकेचा हा फ्लॅट तेव्हा कोरा होता आणि आईचं शेवटचं दुखणं चालू होतं. जागरणांनी मी पार गळून गेले होते, तर एका सकाळी ती म्हणाली, “पलंग फिरव गं. पाय पूर्वेकडे हवेत.”

“आई, आत्ता?”

“आपल्यात पुरताना तसंच ठेवतात ना? उठेन तेव्हा प्रभू येशू समोरून येताना दिसायला हवा. आतापासून सवय बरी.”

तिच्यासकट पलंग ओढला. रिकाम्या प्लॉटांवरून आलेलं ऊन तिच्या तळव्यांवर पडलं.

आता मीही दमून आडवी होते, ती पाय तिकडेच करून. समोर टॉवर झालाय. ऊन उशिरा येतं, पण येतं.