पाहुण्यांसमोर दुखत नाही

सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, तरी आमचं भांडण काही थांबलं नाही. त्या आता डाव्या हाताने भांडतात. पोळी उलटून करपलेला डाग दाखवतात. मी नेसवलेल्या साडीचा पदर हिसकून पुन्हा नीट करतात. मीही ऐकून घेणारी नाही. नवरा ऑफिसात आणि बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघीच, मग करणार काय?

एका सकाळी त्यांनी करपलेली पोळी मुकाट्याने खाल्ली. वेडावाकडा पदरही तसाच राहू दिला. तेव्हाच मी ओळखलं. यांना काहीतरी दुखत होतं, आणि कुठे ते सांगायला शब्द नव्हते.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरणीला मी लगेच बोलावलं. ती इथलीच, कन्नड मुलगी. ती दिसताच सासूबाई पलंगावर सावरून बसल्या, हसल्या आणि मला खुणेने कॉफी टाकायला लावली. तिने चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका.

"नोवू इद्या, अज्जी? दुखतं?" एवढं मराठी ती आमच्याकडेच शिकली होती.

सासूबाईंनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"देखिए, ठीक हैं," ती मला म्हणाली.

ठीक कसल्या, डोंबलाच्या! या बाईने उभ्या जन्मात पाहुण्यांसमोर 'दुखतं' म्हटलेलं नाही. नणंदेच्या लग्नात पाय मुरगळला होता, तरी हसत हसत पंगती वाढल्या, वर जिलबीचा आग्रह. आता डॉक्टरीण झाली तरी बाहेरून आलेली, कॉफी घेणारी, म्हणजे पाहुणीच की. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच एक युक्ती सांगितली.

तिने "बर्तीनी, अज्जी" म्हणत निरोप घेतला, बाहेरचं दार मुद्दाम आवाज करून आतूनच लावलं आणि चपला हातात घेऊन खोलीच्या दाराआड येऊन उभी राहिली. इकडे मी पदर सारखा करायच्या निमित्ताने सासूबाईंचा उजवा हात जरासा उचलला. त्यांचं कपाळ आक्रसलं, ओठ दाताखाली गेला, घशातून बारीक आवाज आला.

"कंधा," म्हणत डॉक्टरीण पुढे आली.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. डॉक्टरणीने त्यांच्या हाताखाली उशी सरकवली आणि तक्ता पुन्हा समोर धरला. या वेळी त्यांनी रडक्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, आणि परक्या माणसासमोर त्यांचे डोळे भरून आले. मलाही मग राहवेना.

कधीपासून दुखतंय, झोप लागते का, असं डॉक्टरणीने त्यांनाच विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, झाली तक्रार, हिनेच दुखवलं म्हणून. पण नजरेत राग नव्हता, आणि बोट खाली येईना. हिला विचार, असं त्या सांगत होत्या. इतक्या वर्षांत पाहुण्यांसमोर त्यांनी मला मध्ये बोलू म्हणून दिलं नव्हतं. मी घसा खाकरला आणि त्यांच्या वतीने सांगायला लागले.