भिंतीखालचं मूळ

आजचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. लाकडाचा काप घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, झाड ओळखायचं. सगळी नोकरी त्यातच गेली.

आज दुपारी बोनकोडे गावात नामदेवकाकांच्या घरी गेले होते. त्यांची मागची भिंत तडकलीय. त्याच भिंतीला लागून त्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन झोपते. भिंतीपलीकडे शेजारच्या सोसायटीचं रेन ट्रीचं झाड, अलीकडे काकांच्या अंगणातला उंबर, खाली दत्ताच्या पादुका. काकांनी रेन ट्रीवर खापर फोडलं आणि झाड कापणारी माणसं बोलावली. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला.

भिंतीखालून निघालेलं वाळकं मूळ मी ब्लेडने कापलं, ओलं केलं, भिंग लावलं. रेन ट्रीच्या लाकडात छिद्रांभोवती फिकट कडी दिसतात. इथे नुसत्या आडव्या पट्ट्या, उंबराच्या लाकडात असतात तशा. पुन्हा कापलं. तेच.

"काका, हे तुमच्या उंबराचं आहे."

सेक्रेटरीने कापणाऱ्यांना उंबर दाखवला. कोणीच जागचं हललं नाही.

काकांनी एकाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि माझ्यापुढे धरली. "मॅडम, तुमची खात्री हाय ना? मंग पयला घाव तुमीच घाला."

जन्मभर लाकूडच कापतेय मी. पण खाली पाहिलं तर माझे पाय अनवाणी. अंगणात शिरताना चपला कधी काढल्या, मलाच कळलं नव्हतं.

"बाळाला आधी पुढच्या खोलीत न्या," एवढंच बोलून परत आले.

खरं सांगा, तुम्ही घातला असता तो घाव?