दोऱ्याखालची साल

लग्नानंतर बडोद्याला निघाले तेव्हा सटाण्याच्या स्टँडवर सुरतेची एस.टी. उभी होती आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीतून माझ्या मांडीवर डाळिंबाच्या रोपाची पिशवी ठेवत होते. आई पदराने डोळे पुसत होती, धाकटी बहीण हमसून हमसून रडत होती, आणि आप्पा सांगत होते, "मूळ जमिनीत शिरेपर्यंत पाणी चुकवू नको." बस्स, एवढंच. लेक परमुलखात चाललीय आणि यांना रोपाची काळजी! सुरत येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता.

आप्पांची डाळिंबाच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी जखमेच्या वरच्या काठाला पांढरी मुळं फुटतात. मग ती फांदी कापून वेगळी लावायची. याला गुटी म्हणतात. लहानपणी मला ही दुष्टाई वाटायची. आधी सोलायचं आणि मग पट्टी बांधायची. आप्पा म्हणत, "पानांनी केलेलं अन्न खाली उतरताना तिथं अडतं. अडलं म्हणून झाड रडत बसत नाही, तिथूनच मूळ काढतं."

बडोद्यात डाळिंब कुंडीत रुजलं, मी मात्र बरीच वर्षं पिशवीतच होते. नवरा कारखान्यात शिफ्टला, आणि मी अकोटा भागातल्या सोसायटीत "केम छो"ला "मजामा" म्हणायचा सराव करत होते. मजा काही नव्हती. पहिली मैत्रीण मिळाली ती शेजारची हंसाबेन, आणि तीही वटपौर्णिमेमुळे, कारण हे व्रत त्यांच्यातही असतं. आम्ही दोघींनी मिळून फाटकाजवळ वडाचं रोप लावलं.

सुती दोरा प्रदक्षिणा घालताना सारखा तुटायचा. मग हंसाबेनने मांडवीच्या बाजारातून नायलॉनचा चकचकीत दोरा आणला. दरवर्षी आधीच्या दोऱ्यावर नवा दोरा. काढायचा कोणी? नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलेला दोरा स्वतःच्या हाताने कापायची कुणाची छाती होणार!

मागच्या उन्हाळ्यात वड पिवळा पडला, शेंडा वाळला. दोऱ्याच्या वर खोड फुगलं होतं आणि खाली बारीक राहिलं होतं. सोसायटीची मीटिंग झाली: गाड्यांवर पडेल, तोडून टाका. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि आप्पांना फोनवर झाड दाखवलं.

"फास बसलाय त्याला. दोरा काप."

माझा हात धजेना. हंसाबेनला सांगितलं, तर ती घरातून कात्री घेऊन आली. "झाड ज मरी जाय तो दोरो शुं कामनो?" झाडच मेलं तर दोरा काय कामाचा, असं म्हणाली आणि पहिला वेढा तिनेच कापला. काही वेढे सालीत इतके खोल गेले होते की निघेनात. आप्पा म्हणाले, "आत गेलंय ते राहू दे, खणू नको. झाड ते पोटात घालून वाढंल. वर ओलं गोणपाट बांध आणि मग त्याला सारखं छेडू नको."

आम्ही आळीपाळीने गोणपाट भिजवत राहिलो. पावसाळ्यात वरचं टोक हळूच उचलून पाहिलं तर जखमेच्या काठांना नव्या सालीची जाड कड आली होती. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही हे मला तेव्हा नीट दिसलं. जे कापलं गेलं ते तसंच राहतं, झाड त्याच्या कडेकडेने नवं लाकूड घालत जातं. आणि फुगवट्यातून तर तांबूस मुळं निघाली होती! जखम ओलांडून, खोडाला धरून ती खाली उतरत होती. मी तिथेच उभ्या उभ्या हात जोडले, आणि या खेपेला नवऱ्यासाठी नाही. केवढी ही जिद्द! मला त्या झाडाचा फार अभिमान वाटला.

दिवाळीपर्यंत शेंड्याला नवी पानं आली. तोडायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आता आम्ही वडाला दोरा बांधत नाही, पाणी घालतो आणि प्रदक्षिणा करतो. मी सटाण्याला निघताना "घरी चालले" म्हणते आणि तिथून परततानाही तेच म्हणते. पूर्वी दुसऱ्या वेळी जीभ अडखळायची, आता अडखळत नाही.

आप्पांचा प्रत्येक फोन इतकी वर्षं एकाच प्रश्नावर संपायचा: "पाणी येतं ना तिकडं नीट?" बाग सोडून ते माझ्याकडे एकदाही आलेले नाहीत. परवा त्यांनी विचारलं, "मूळ जमिनीत शिरलं का?"

"शिरलं, आप्पा."

ते म्हणाले, "आता येतो एकदा. बघून जातो."

"वड बघायला?"

"वड काय, फोनमध्ये दिसतोच की."