ओव्हनशेजारचा अभ्यास

‘सगळे अ हे ब आहेत. काही ब हे क आहेत. म्हणून काही अ हे क आहेत.’ मी ‘बरोबर’वर खूण केली.

“कशावरून?” मागून आवाज आला.

लॅबचे इन-चार्ज गुप्तेसाहेब उभे होते. ठाण्याच्या त्या कापडगिरणीत मी केमिस्ट होते. कापडात ओलावा किती, ते काढायचं. नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वाळेपर्यंत बसून राहायचं. लॅबमध्ये बाई मी एकटीच. डबाही एकटीच खायची. त्या वेळात मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करायची. गणित जमायचं. रीझनिंग, म्हणजे तर्काचे प्रश्न, हमखास चुकायचे.

“आपले सगळे नमुने सुती,” साहेब म्हणाले. “काही सुती कापडं निळी असतात. म्हणून आपले काही नमुने निळे?”

टेबलावर सगळे पांढरेच होते. मी खूण खोडली.

मग ते रोज स्टूल ओढून बसू लागले. मी उत्तर द्यायची, ते “कशावरून?” विचारायचे. आम्ही चक्क भांडायचो. गिरणीत कामाशिवाय माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं.

एक दिवस ते दारातच थांबले. “जोशीबाई, ऑफिसात आपल्याबद्दल बोलणं चाललंय. उद्यापासून मी येणार नाही.”

“पण सर, आपण तर गणितं सोडवतो!”

“ते तुम्हाला आणि मला ठाऊक.”

“मग ते कशावरून म्हणतात?”

“हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही,” ते म्हणाले आणि गेले.

स्टूल तिथेच राहिलं. मी उत्तर लिहायची आणि “कशावरून?” असं स्वतःलाच मोठ्यानं विचारायची. ओव्हनच्या घरघरीत कोणाला ऐकू जायचं नाही. पेपरात मात्र रीझनिंगचा एकही प्रश्न अडला नाही. प्रवेश मिळाला.

राजीनामा द्यायला गेले, तेव्हा साहेबांसमोर टायपिस्ट बसलेला. “अभिनंदन,” ते म्हणाले. “तराजूच्या कपाटाची किल्ली टाइमकीपरकडे द्या.” खूप बोलायचं होतं. किल्ली देऊन बाहेर पडले.

डोंबिवलीला मी मावशीकडे राहायची. ती तांदूळ निवडत होती.

“मावशी, मला प्रवेश मिळाला.”

“म्हणजे लग्न आणखी लांबलं,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

अभ्यास एकटीनं होतो. पास झाल्याचं सांगायला मात्र माणूस लागतं.