टाकीतलं तण

लोणावळ्यात राहून घरात समुद्र ठेवायचा ही नसती उठाठेव आहे, हे मला मान्य आहे. पण ती टाकी मी विकत घेतली नव्हती. मी एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग बघते. तिथल्या लॉबीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. पाहुणे काचेवर टकटक करायचे, मुलं वरून वेफर्स टाकायची. एका पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली आणि निम्मे मासे मेले, तेव्हा मॅनेजर वैतागून म्हणाले, कोणाला हवी असेल त्याने घेऊन जा. मी टेम्पो बोलावला.

घरी आणल्यावर मात्र तिचं वेड लागलं. ड्रममध्ये फिल्टरचं पाणी भरायचं, त्यात मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा. नवरा तळेगावला कंपनीत पाळीवर जातो. त्याने इन्व्हर्टर बसवून दिला आणि हात झटकले. पुढे पुण्यातल्या एका छांदिष्टाकडून मी दगडावर वाढलेलं हिरवं प्रवाळ आणलं. पाण्यात ते बोटं हलवल्यासारखं डुलायचं. त्याच दगडाच्या भोकात तपकिरी रंगाचं, बोटाच्या नखाएवढं एक झाड होतं. मला वाटलं, वा, वर एक फुकट मिळालं. माझ्यासारखी शहाणी मीच.

ते झाड नव्हतं. तो समुद्रफूल नावाच्या प्राण्याचा एक उपद्रवी प्रकार होता, ऐप्टेशिया. बोट जवळ नेलं की भोकात गडप होतं आणि शेजारी कोणी वाढलं तर त्याला डंख मारतं. महिन्याभरात वीसेक झाली. हिरव्या प्रवाळाची त्या बाजूची बोटं आक्रसून गेली.

त्याच सुमारास आबा आमच्याकडे आले. आबा म्हणजे माझे वडील. टाकवे बुद्रुकला आमचं घर आणि भातखाचरं आहेत. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच असतात आणि मी एकुलती एक. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सांगितलं की निदान सहा महिने चिखलात पाय घालायचा नाही, म्हणून शेती चुलतभावाकडे सोपवून मी त्यांना घेऊन आले. आल्या दिवशीच त्यांनी बजावलं, "पाय बरा झाला का मी चाललो. लेकीच्या घरी लय दिस ऱ्हायचं न्हाई." मी म्हणाले, "बरं." पुढे बोलायला हवं होतं, पण मला ते जमत नाही. आमच्या घरात कोणी कोणाला तसलं काही म्हणत नाही.

दिवसभर करायला काही नसल्यामुळे ते टाकीसमोर स्टूल टाकून बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, "ह्ये तण हाय." मी म्हटलं, "व्हय आबा, तणच आहे." एवढंच बोलून मी कामावर गेले. ती माझी चूक.

शनिवार-रविवार रिसॉर्टला श्वास घ्यायला फुरसत नसते. रविवारी संध्याकाळी घरी आले तर आबा दारातच उभे, चेहरा खुललेला. "चल, बघ तुझं रान कसं केलंय." त्यांनी माझा लांब चिमटा आणि चमच्याचा दांडा घेऊन एकूण एक ऐप्टेशिया खरवडून काढलं होतं. आयुष्यभर भातात बेणणी केलेला माणूस. तण दिसलं की मुळासकट उपटायचं, हे त्यांच्या हातालाच ठाऊक. फक्त याला मूळ नसतं. खरवडलं की बुडाचे बारीक तुकडे दगडाला चिकटून राहतात, पाण्याबरोबर पसरतात, आणि प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. हे मी वाचलं होतं. त्यांना सांगितलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला कोणी हात लावायला सांगितला होता? हे काय तुमचं खाचर आहे?" आणखीही बरंच बोलले. थकले होते हे कारण झालं, पण ते खरं कारण नाही. राग आला की मी अशीच बोलते, आणि हा स्वभाव मी आबांकडूनच उचलला आहे. ते मात्र त्या दिवशी उलट बोलले नाहीत. "चुकलं," म्हणाले आणि आत गेले.

सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. टोपी घालून, काठी घेऊन कॉटवर बसले होते. कान्हे स्टेशनापर्यंत लोकलने जातो, तिथून गावात कोणीही सोडेल, म्हणाले. गुडघा धड वाकत नव्हता. गावच्या घरी पाणी तापवून द्यायला माणूस नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी असं मनात आलं, पण तोंडातून निघालं भलतंच: "अर्धी पात टाकून कुठं निघालात?"

आमच्याकडे तण काढायला बसलं की प्रत्येकजण आपली पात धरतो, म्हणजे आपल्या वाट्याची पट्टी. ती बांधाला लागेपर्यंत उठायचं नाही. मधेच उठणाऱ्याला बाया दिवसभर चिडवतात. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून खुंटीला लावली. "रान साफ झालं का मग जातो," म्हणाले.

पंधरा दिवसांत टाकीकडे पाहवत नव्हतं. दगडावर, काचेवर, पंपाच्या जाळीवर, सगळीकडे ती तपकिरी झाडं. मी मोबाइलवर उपाय वाचून दाखवत होते. पंप बंद करायचे, सिरिंजमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लगदा भरायचा आणि एकेकाच्या तोंडावर हळूच सोडायचा. "म्हंजी काय ते?" आबांनी विचारलं. मी शोधलं आणि मला हसूच आलं. चुना. त्यांनी लगेच खिशातली डबी काढली. "तंबाखूचा नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं," म्हणून मी शुद्ध पावडर मागवली, पण तेव्हापासून आबांना वाटणारा माझ्या समुद्राचा धाक गेला. चुना त्यांच्या ओळखीचा होता.

रोज पाच-सहाच मारायची, जास्त चुना पाण्याला सोसत नाही. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून ते सरळ रेषेत पुढे सरकायचे. माझा हात थरथरतो, त्यांचा नाही. जरासा धक्का लागला तरी झाड आत पळतं, म्हणून आबा सुई इतकी सावकाश न्यायचे की मी श्वास रोखून बसायचे. संध्याकाळी मी आले की आज कुठपर्यंत आलं ते काचेवर बोट टेकवून दाखवायचे. मग चहा. या चहाच्या वेळी ते आईबद्दल बोलायला लागले, पहिल्यांदाच. मी घरी लवकर यायला लागले.

भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस जवळ आले तसा गुडघाही सुधारला आणि टाकीही. हिरव्या प्रवाळाला नवी बोटं फुटली. चुलतभावाचा फोन आला की आबा म्हणायचे, "आलोच. थोडंच ऱ्हायलंय." मला ते ऐकवत नसे. एके दिवशी ते म्हणाले, "संपलं बघ." मी वाकून पाहिलं आणि "हो, संपलं," म्हणाले. ते खोटं होतं. पंपाच्या मागे, खालच्या बाजूला एक होतं. मला चार दिवसांपूर्वीच दिसलं होतं. मी गप्प बसले, कारण महिन्याभरात त्याची वीस होणार हे मला ठाऊक होतं.

शनिवारी निघायचं ठरलं. शुक्रवारी आबांनी जाण्याआधी एकदा म्हणून पंप काढून घासायला घेतला. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी हाक मारली.

"ह्ये तुला दिसलं न्हवतं?"

"दिसलं होतं."

"कवा?"

"झाला आठवडा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मी टाकीकडे बघत म्हणाले, "हे संपलं की तुम्ही जाणार."

आबांनी सिरिंज घेतली, चुना भरला. मग सुई पाण्यात सोडत म्हणाले, "मानूस ठिवायला तण कशाला राखतीस, बाई? इतक्या दिसांत ऱ्हा म्हनलीस का एकदा तरी? मी जातो म्हनलो का तू बरं म्हनायचीस."

खरं होतं. रागावताना मला शब्द कमी पडत नाहीत. हे एवढंसं मात्र इतक्या दिवसांत जमलं नव्हतं.

"राहा, आबा," मी म्हणाले. "मला तुम्ही इथे हवे आहात."

"हां," ते म्हणाले आणि दट्ट्या दाबला.