भुताला बळी मिळेना

समस्त वऱ्हाडवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, साठीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, भर दुपारी, पातूर रस्त्यालगतच्या ज्वारीच्या शेतात, आम्हा चौघांपैकी कोणी मरायचं हे ठरवण्यासाठी सभा भरली होती. सभेला मरू इच्छिणारे सर्व सभासद हजर होते. वांग्याचं भरीतही होतं.

आम्ही चौघे अकोल्यातले बालमित्र. शाळा संपली आणि पांगलो. मी अमरावतीला राजापेठेत बिऱ्हाड थाटलं, एक मास्तर झाला, एकाने वडिलांची शेती धरली आणि चौथा अकोल्यातच कचेरीत चिकटला. मात्र वर्षातून एकदा शेतकरी मित्राच्या शेतात हुरडा खायला चौघांनी यायचंच, असा नेम होता. त्या वर्षी कचेरीवाला हुरड्याला येताना कादंबरी घेऊन आला. स्वतः लिहिलेली. तीही भुताची!

कथानक फर्मास होतं. चार जुने मित्र बऱ्याच वर्षांनी गावी परततात आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात एक भूत त्यांची वाट पाहत असतं. मित्र कोण ते सांगायला नकोच. माझी नाटकी ऐट आणि मास्तरचा जाड चष्मा त्याने जसाच्या तसा उचलला होता. त्याने घसा खाकरला, मी घाबरायची जय्यत तयारी केली. पण छे! पहिला मित्र स्टेशनवर उतरून जिनिंगकडे निघतो, तर वाटेत मावशी भेटते आणि जेवल्याशिवाय सोडत नाही. दुसरा जिनिंगचं दार ढकलणार, तोच समोरून कोणीतरी चहाला हाक मारतं. पाचव्या प्रकरणापर्यंत आम्हाला त्या खोळंबलेल्या भुताचीच दया यायला लागली.

"अबे, त्या भुताले बी बसव ना पंगतीत," आगटीतलं भाजलेलं कणीस हातावर चोळत शेतकरी म्हणाला. "कवाचं उपाशी हाय बिचारं."

लेखक हसला नाही. नागपूरच्या एका प्रकाशकाने त्याला तोंडावर सांगितलं होतं, चौघांतला एक तरी मारा, मग छापतो. आपलं पुस्तक छापून यावं, ही त्याची शाळेपासूनची एकच हौस. "सांगा बे," तो म्हणाला, "कोणाले मारू?"

मी शाल सावरून उभा राहिलो. "मले मार! फक्त मरताना थोडं भाषण करू दे."

"मंग हा कायचा मरते? भाषणच संपणार नाही," मास्तर म्हणाला. "त्यापेक्षा मले मार. पण मेल्यावर भूत करू नको. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, भूतबीत आमी मानत नाही."

"मले मारलं तरी चालते," शेतकरी म्हणाला. "फक्त तूर घरात येऊ दे आधी."

लेखकाने पेन्सिल काढली. पानं चाळत माझ्या प्रकरणापाशी थांबला. पेन्सिल कागदावर टेकवली, पुन्हा उचलली. लहानपणी मला टायफॉइड झाला होता. घरात यायला त्याला मनाई, म्हणून तो रोज शाळा सुटल्यावर खिडकीबाहेर उभा राहून मला भुताची गोष्ट सांगायचा. त्याही गोष्टींत कधी कोणी मेलं नाही. तेव्हा मला वाटायचं, ह्याला गोष्ट जमत नाही.

ती कादंबरी शेवटी छापली गेलीच नाही. इतकी फसलेली भुताची गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही आणि एवढे उपकारही दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने माझ्यावर केले नाहीत.

त्या दुपारी बऱ्याच वेळाने त्याने पेन्सिल खिशात घातली, पानं फडक्यात गुंडाळली आणि आगटीजवळ सरकला.

"काहून बे?" शेतकऱ्याने विचारलं. "आमी तिघं बी तयार हावो, अन् तू काय करून राहिला?"

तो एकदम खेकसला, "अबे, एक जरी मेला, तर पुढच्या वर्षी हुरड्याले तिघंच बसू ना आपण!"