बादशहाचा कागद आणि दगडूमामांचं तट्टू

माझ्या दवाखान्यातून गाई-म्हशीवाले औषधं घेऊन जातात, शेळ्यावाले लस टोचून घेऊन जातात. घोडेवाले मात्र किस्से ठेवून जातात! शिरूर कासारात जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. सरकारी रजिस्टरात किश्श्यांना रकाना नाही, म्हणून ते सगळे माझ्याच डोक्यात साचत गेलेत. परवा मैत्रिणींना एक सांगायला बसले तर चहा दोनदा गार झाला. तेव्हा ठरवलं, निदान बादशहाचे तरी ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

*

बादशहा हा युनूसभाईंचा घोडा. युनूसभाईंचं स्टँडजवळ मोटरसायकलींचं गॅरेज आहे आणि मागच्या अंगणात वरातीची घोडी, शब्बो. शब्बो त्यांच्या वडिलांची फार लाडकी. वडील जाताना एवढंच म्हणाले होते, "हिचं एक तरी शिंगरू घरात राहू दे." शब्बो म्हातारी होत चालली आणि युनूसभाईंचा जीव वरखाली व्हायला लागला. साधासुधा घोडा त्यांना पसंत पडेना. शेवटी त्यांनी पुण्याहून, रेसमधून रिटायर झालेला एक उंच, तांबडा घोडाच ट्रकमध्ये घालून आणला!

सोबत त्याचा कागद. बाप, आजा, पणजा अशी पाच पिढ्यांची नावं. तो कागद फ्रेम करून गॅरेजात टांगला. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला आधी फ्रेमसमोर उभं राहावं लागायचं, मग पंक्चर.

मी गमतीनं विचारलं, "युनूसभाई, तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?"

हातातला पाना तसाच राहिला. "आमच्या अब्बालाबी म्हाईत नव्हतं, म्याडम. मान्साला कोन देतंय असला कागद!"

मला चांगलंच ओशाळल्यासारखं झालं. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

*

बादशहाची कीर्ती पसरली. लिंबागणेशहून एक वयस्कर गृहस्थ घोडी घेऊन आले. युनूसभाईंनी त्यांना आधी माझ्याकडे तपासणीला पाठवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणून बाई बसलेली पाहून ते दारातच थबकले.

"म्याडम, घोडीचं... ते... जमवायचं हाय."

"काय जमवायचं?"

"बादशासंगं."

मी सरळ विचारलं, "माजावर आलीय का?"

गृहस्थांनी उपरणं तोंडावर ओढलं. कान लालबुंद! मग उपरण्याआडून आवाज आला, "तसलं कायबी न्हाई म्याडम. लई चांगल्या वळनाची हाय ती!"

*

एकदा शब्बोचा पाय दुखावला आणि वरातीला बादशहाला न्यायची वेळ आली. मी नको नको म्हणत होते. युनूसभाई म्हणाले, "गरीब हाय वो, लेकरावानी."

नवरदेव चढला. फटाक्यांची माळ फुटली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, दोन्हीकडून माणसं ओरडायला लागली. बादशहाला वाटलं, आलं पुण्याचं मैदान! कान मागे पाडून जो सुटला, तो बँडवाल्यांच्या मधून, मांडवाला वळसा घालून थेट पुढच्या गावच्या पारापाशी. नवरदेवाची आई तर मटकन खालीच बसली.

मोटरसायकलवरून आम्ही मागे गेलो. नवरदेव मुंडावळ्यांसकट आयाळीला मिठी मारून बसलेला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. आम्हाला बघून त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"पैला आलो का?"

*

आता या रेसवाल्या घोड्यांची एक पद्धत असते. घोडी तयार नसेल तर लाथा झाडते आणि एवढा किमती घोडा जायबंदी होतो. म्हणून आधी एखादा साधा घोडा कुंपणापलीकडे उभा करायचा. घोडी त्याला हुंगते, लाथा घालायच्या तर त्यालाच घालते. ती राजी दिसली की साध्या घोड्याला बाजूला न्यायचं आणि मोठ्या घोड्याला आणायचं.

यासाठी मी दगडूमामांचं तट्टू सुचवलं. दगडूमामा मेंढपाळ. मेंढरांमागे फिरताना त्यांचं सगळं बिऱ्हाड या तट्टाच्या पाठीवर. नाव बाळ्या. बुटकं, पोट सुटलेलं, अंगावर पांढरे-तपकिरी मोठाले ठिपके.

सगळं ऐकून मामा बघतच राहिले. "म्हंजी लाथा आमच्या बाळ्यानं खायाच्या अन् लेकरं बादशाची? आसं कावून?"

त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. समजूत काढायला म्हणून मी कॉलेजात ऐकलेली गोष्ट सांगितली. तीच माझी चूक!

म्हटलं, "मामा, तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत एक अरबी घोडा होता. सांगतात की, त्यालाही याच कामाला ठेवलं होतं. मोठा घोडा दुसराच होता. पण एका घोडीचं त्या मोठ्या घोड्याशी जमेना. मग हाच पुढे झाला. आज जगातल्या जवळपास सगळ्या रेसच्या घोड्यांत त्याचं रक्त आहे."

युनूसभाई चहा पिता पिता थांबले. "बादशामधीबी?"

"बादशहामध्येही."

ते उठून फ्रेमजवळ गेले आणि एक-एक नाव बोटानं चाचपत कितीतरी वेळ उभे राहिले. दगडूमामांनी बाळ्याच्या मानेवरची धूळ झटकली आणि दुसऱ्या दिवसापासून ते त्याला युनूसभाईंच्या कुंपणापाशी आणायला लागले.

*

लिंबागणेशच्या घोडीला तांबडं, लांब पायांचं शिंगरू झालं. डिट्टो बादशहा! युनूसभाईंनी अख्ख्या स्टँडला पेढे वाटले. शब्बोही गाभण होती. युनूसभाईंनी शिंगराचं नाव ठरवलं, शहजादा, आणि नवी रिकामी फ्रेमही आणून ठेवली. दिवस भरत आले तसे ते रोज दवाखान्यात यायचे. "म्याडम, अब्बाची शेवटची गोष्ट हाय, तेवढी सांबाळा."

एका सकाळी आठच्या सुमाराला फोन आला. मी पोचले तेव्हा अर्धी गल्ली अंगणात जमलेली. वय झालेली घोडी, मलाही धास्ती होती. पण शब्बोनं निभावलं. शिंगरू बाहेर आलं, धडपडलं, उभं राहिलं. मी त्याचं अंग पुसलं आणि माझा हात जागीच थांबला.

बुटके पाय. अंगावर पांढरे-तपकिरी मोठाले ठिपके!

शब्बो एकरंगी, बादशहा तांबडा. हे ठिपके कुठून आले ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. सगळ्यांच्या माना हळूहळू फाटकाकडे वळल्या. तिथं दगडूमामा बाळ्याचा दोर धरून उभे होते.

मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमीच सांगितलतं म्याडम, इलायतेचं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. युनूसभाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच आत गेले. मला वाटलं, आता बादशहाचा कागद फाडतात की मामांच्या अंगावर धावून जातात! ते बाहेर आले ते नवी रिकामी फ्रेम आणि पेन घेऊन. शिंगरू शब्बोला लुचत होतं. त्याच्याकडे त्यांनी एकदा डोळे भरून पाहिलं आणि ते खाली बसले.

"अब्बानं शिंगरू मागितलतं, कागद न्हाई मागितला," ते म्हणाले. "मामा, बाळ्याच्या बापाचं नाव सांगा."

"शेंद्र्या."

"त्येच्या बापाचं?"

मग मामांना थांबवायची सोय राहिली नाही. "पाखऱ्या. त्याचा बाप कवड्या. त्याचा लखा. त्याचा मोत्या." बोटं मोडत, डोळे मिटून, एकही नाव न अडखळता! युनूसभाईंचं पेन मागे पडायला लागलं.

"अन् मोत्याचा बाप हिरा. पर त्यो आमच्या मेंढरामागचा न्हवं. टांग्याचा घोडा व्हता, याच गल्लीतला. हुशेनभाई टांगेवाल्याचा."

युनूसभाईंनी मान वर केली. "कोन हुशेनभाई?"

मामांनी डोळे उघडले. "कोन काय इचारतो बे? तुजा पणजा!"